जर्सीवरचं आडनाव

कबड्डी का सोडली म्हणून तुम्ही दर वेळी माझं डोकं खाता ना, तर ऐका.

भांडुपच्या आमच्या टीममध्ये मी डावा कोपरा खेळायचो आणि माझ्या शेजारी सच्या. रेडर आला की आम्ही दोघं हात धरून साखळी करायचो. तीन वर्षांत त्या साखळीतून क्वचितच कोणी सुटला असेल.

मग सेमीफायनलला नवीन जर्सी आल्या, पाठीवर आडनाव छापलेल्या. तोवर मी सगळ्यांसाठी नुसता संदेश होतो.

सच्याने माझी पाठ वाचली. "कांबळे? मला वाटलं तू आमच्यातला, कोकणातला."

"कोकणातलाच आहे. चिपळूणचा."

"हां... असू दे रे. आपण असलं काय मानत नाय."

मॅटवर उतरलो तर त्याने माझी नुसती दोन बोटं धरली. मी बोललो, "नीट धर ना." तो बोलला, "धरलाय की." पहिलाच रेडर आमच्या मधून निघून गेला. दुसराही गेला. मग मी रेडरच्या पायांकडे बघायचं सोडून सच्याच्या हाताकडेच बघायला लागलो.

हाफटाइमला कोच माझ्यावर उखडले. "कॉन्फिडन्स घरी ठेवून आलास काय? बस बाहेर."

माझ्या जागी राणे उतरला. सच्याने त्याचा पंजा असा आवळला की बोटं पांढरी पडली, आणि दोघांनी पहिल्याच रेडला रेडर आडवा केला.

कोच माझ्याकडे वळले. "बघ, याला म्हणतात पार्टनरवर विश्वास."

मी बोललो, "तेच बघतोय, सर."