चतुराबाईचं चूलबंद

...नाही, पन तुमी मले एक सांगा, चूलबंद म्हंजे काय? तुमी साऱ्या याच मातीतल्या, कोनी बाळापूरची, कोनी अकोटची... सांगा ना! आवतन देनारा दारात आला अन् म्हनला, 'चूलबंद हाय बरं बाई', त तुमी काय समजता? घरातले सारेच्या सारे जेवाले जायचं, बुढा, बुढी, लेकरं, आलेला पाहुना, कामावरचा गडी, कोनी मागं राहायचं नाही, त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. झालं! याच्यात न समजन्यासारखं काय हाय? शेंबड्या पोराले समजते. पन त्या चष्मेवाल्या पेपरवाल्याले समजलं नाही, अन् म्हून मले, या चतुराबाईले, सरकार म्हनते माफी माग! माफी? काहून? मी गाव जेवू घातलं, कोनाचा गोठा नाही पेटवला. चूलबंद म्हंजे चूलबंद!

थांबा, पयल्यापासून सांगतो. महाराष्ट्र झाला ना, त्याच सालचा हिवाळा. कापूस घरात आलता, थंडी अशी का सकाऊन पान्यात हात घालवत नोता, वांग्यायनं झाडं वाकून राह्यली होती, अन् आमच्या ललितेले अचलपूरची मागनी आली. पोरगा पोस्टात, घरानं चांगलं. मी मारोतीले बोलली होती, पोरीचं जमलं त गोवऱ्यायवर रोडगे भाजून जेवू घालीन. आता आमचे हे, म्हंजे ललितेचे बाबूजी, मले म्हनते कसे, "घरटी एक मानूस सांगू. बस झालं."

घरटी एक मानूस! म्हंजे कोन व माय? म्हंजे घरचा बुढाच ना! पंचवीस वर्सं झाली मले निंबखेडात येऊन, पंगती मी पाह्यल्या कुठून? दाराआडून! हे जेवून येते, ढेकर देते, अन् मले सांगते, "भाजी लय झनझनीत होती." मले सांगून काय फायदा? माह्या पोटात गेली का ते? मी म्हनलं, ते काही नाही. नवस माहा, पोरगी माही, आवतन माहं. चाळीस घरं गाव, चाळीसच्या चाळीस घरायले चूलबंद! हे म्हनले, "तुले येड लागलं." म्हनलं लागू द्या. चूलबंद म्हंजे चूलबंद!

मंग काय विचारता! डोमाजी कोतवाल घरोघरी सांगून आला. शेजारच्या आबेदाभाभीले मी सोता जाऊन सांगतलं, तिच्या घरी सात मानसं, तिनं विचारलं, "सातों?" म्हनलं, सातों. ते म्हनली, "या अल्ला, फिर मैं भी बैठूंगी?" म्हनलं, तूच त पयले बसशीन! नदीकाठी आमचं वावर हाय, तिथं सकाऊनच गोवऱ्या रचल्या, मानसं कनिक मळाले बसली, बाया वांगे चिरून राह्यल्या, सारा गाव तिकडं. अन् इकडं गावात? सामसूम. एका घरातून धूर नाही. मी एकटीच तुपाचा डबा न्याले घरी आलती... अन् तेवढ्यात ते चष्मेवालं बेनं सायकल घेऊन दारात उभं!

पुन्याचा होता. अकोल्याच्या कोन्या पेपरात नवा लागला होता, खेड्यापाड्यातल्या हिवाळ्याच्या बातम्या गोळा करत फिरून राह्यला होता. कुठं हुरडा, कुठं जत्रा, कुठं कोनाचं बारसं. त्याले वाटेत पयला कोन भेटला? डोमाजी! डोमाजीच्या डोक्यावर पत्रावळ्यायचा भारा, त्याले घाई. यानं विचारलं, "काय हो, गावात धूर कसा दिसत नाही?" डोमाजी म्हनला, "आज गावात चूलबंद हाय. चतुराबाईनं सांगतलं." अन् गेला निंघून! झालं ना मंग!

माह्यापाशी आला, हात जोडले, अन् ते पुस्तकातली भाषा, "आपणच का चतुराबाई? हे चूलबंद आपण पुकारलंत?"

म्हनलं, "व्हय भाऊ, मीच सांगतो, मीच देतो."

तो माह्या मागं पाहाले लागला. त्याले वाटलं आत कोनी बुवा हाय, तो देतो म्हनून राह्यला. आता आमच्यात बाई 'देतो'च म्हनते, 'देते' म्हनलं त सासू हासन. पन त्याले काय मालूम!

मंग विचारते, "हे किती दिवस चालणार?"

म्हनलं, "किती दिवस? आजचाच दिवस. रोज रोज कोनाले झेपन?"

त्यानं मान हालवली, अशी, मयतीत हालवते तशी. "घरात धान्य आहे का काही?"

म्हनलं, "काहीच नाही, सारं पीठ सकाऊनच बाहेर गेलं."

लिवलं. "आणि मागणी काय आहे तुमची?"

आता मले काय मालूम बापा, पुन्याकडं मागनी म्हंजे अजून काही असते! मले वाटलं, याले कोनी ललितेचं सांगतलं. म्हनलं, "मागनी अचलपूरची हाय."

"मान्य झाली?"

"आमची त ना नाही. त्याईची मानसं येतीन, बसून बोलतीन, मंग तारीख ठरन."

तेबी लिवलं! तेवढ्यात आबेदाभाभी परात घ्याले आली. यानं तिले विचारलं, "तुम्हीसुद्धा सामील आहात?" ते बिचारी हरखून गेलेली, छाती पुढं काढून सांगते, "हमारे यहाँ भी चूल्हा नहीं जला भाईसाब, लिख लो! हम सातों के सातों!" लिवलं!

मंग म्हनते, "यजमानांचं नाव काय?" आता घ्या! मी ह्यायचं नाव घेऊ? परक्या मानसापुढं? पंचवीस वर्सांत उखान्याबिगर घेतलं नाही, अन् तिथं दारात उभ्याउभ्या उखाना कुठून आठवू? म्हनलं, "भाऊ, त्याईचं राहू द्या. माहंच नाव लिवा. चूलबंद माहं हाय." इथं मी फसली बघा! पन मी काय खोटं बोलली? एक शब्द तरी?

वरून मी म्हनलं, "आता आलेच त थांबा, दोन घास खाऊन जा." त माय, त्यानं चष्मा काढला, डोये पुसले, म्हनते, "नको बाई... तुमच्या तोंडचा घास मी कसा घेऊ?" अन् टांग मारली सायकलवर. मले वाटलं, पुन्याचे लोक लाजरे असतीन.

इकडं जेवन असं झालं का काय सांगू! पयल्या पंगतीले बाया बसवल्या. हे माह्याकडं डोये वटारून पाहून राह्यले, म्हनलं पाहा. दुर्गाबाई साठीची बुढी, तिनं गरम रोडगा तुपात चुरला, एक घास खाल्ला अन् रडाले लागली. म्हनलं, "काय झालं व बुढे, तिखट लागलं?" म्हनली, "नाही व चतुरे, गरम लागलं." मी तिच्या पानात अजून तूप वाढलं. सारा जलम शिळं खाल्लेली बाई...

शनिवारी पेपर आला. चंद्रभान गुरुजी मारोतीच्या पारावर मोठ्यानं वाचते. वाचता वाचता थांबले, पुन्हा वाचलं. "निंबखेड येथे चूलबंद! श्रीमती चतुराबाई यांच्या खंबीर नेतृत्वाखाली अवघे गाव उपाशी! घरात धान्याचा कण नाही. हिंदू-मुसलमान एकदिलाने सामील. अचलपूरच्या धर्तीवर मागणी. पुढील तारीख लवकरच!"

उपाशी! दोन दोन दिवस ज्यायले बद्धकोष्ट झालतं, ते उपाशी! सारे माह्याकडं पाहाले लागले. ह्यायनं पयले विचारलं, "माहं नाव हाय का त्यात?" गुरुजी म्हनले, "नाही." "बरं झालं," म्हनले, अन् बिडी पेटवली.

पन खरं सांगू? माहं नाव छापून आलं ते ऐकून मले अंगात काहीतरी झालं. वावर ह्यायच्या नावावर, घर सासऱ्याच्या, पयल्या मतदानाच्या यादीत मी 'अमक्याची बायको'. चतुराबाई असं कोन्या कागदावर कधी आलंच नोतं. आलं त असं आलं!

मंगळवारी जीप आली. तालुक्याचे नायब साहेब, मागं ज्वारीची दोन पोती, उपाशी लोकायले वाटाले. अन् त्याच दिवशी अचलपूरच्या यष्टीतून उतरला देवमनजी, पोराचा मामा, काखेत तोच पेपर! दोघंबी माह्या ओसरीवर. साहेब म्हनते, "बाई, तुम्ही शासनाची दिशाभूल केली. वरून विचारणा झाली आहे. या कागदावर सही करा, 'मी चुकीची माहिती दिली, क्षमा असावी.'" अन् मामा खाकरून म्हनते, "हे पाहा, आमाले पुढारी विहीन नाही पाह्यजे. माफी लिवून द्या, पेपरात येऊ द्या, त सोयरीक. नाही त बोलनं मोडलं समजा." आतून ललितेचा हुंदका मले ऐकू आला.

हे म्हनते, "दे ना अंगठा, काय जाते तुहं?"

अंगठा? म्हनलं, अंगठा काहून देऊ, मले सही येते, ललितेनंच शिकवली. पन करत नाही! चुकीची माहिती मी दिली? मले विचारलं चूल पेटली का, म्हनलं नाही, नोतीच पेटली. पीठ घरात होतं का, नोतं. मागनी अचलपूरची का, हे काय मागनीचे मामा समोर बसले! मी माफी कायची मागू? जेवू घातल्याची? पोरीचं लगन मोडन या भेवानं मी खोटं लिवून देऊ, अन् उद्या ते सासरी खोट्यावर नांदन? म्हनलं, "साहेब, परवा या. मामा, तुमीबी राहा. चूलबंद काय असते ते डोयानं पाहा, मंग काय लिवायचं ते लिवा. अन् त्या पेपरवाल्यालेबी आना. चूलबंद म्हंजे चूलबंद!"

बोलून त बसली, पन घरात पीठ कुठं होतं? पयल्याच वेळी सारं उरकलेलं! मी रातभर डोयाले डोया नाही लावला. अन् सकाऊन पाहातो त दारात दुर्गाबाई, पदरात पीठ. तिच्या मागं मनकर्णा, तिच्या मागं सुंदराबाई, आबेदाभाभीच्या डोक्यावर वांग्यायची टोपली... गावातल्या एकूनएक बाया! म्हनलं, हे काय व? दुर्गाबाई म्हनली, "माफी मागशीन त आमी जेवलो ते खोटं होईन. मागू नको." मी परात पुढं केली.

ठरल्या दिवशी साहेब आले, संगं तो चष्मेवालाबी. घरोघरी फिरून चुलीत हात घालून पाह्यलं, मामानंबी घातला. चाळीस चुली, चाळीसबी थंडगार, दोघायचे हात कोपरापर्यंत राखेनं माखले! साहेब घाबरले, "म्हणजे खरंच उपाशी?" म्हनलं, "चला माह्यासंगं." नेलं वावरात. गोवऱ्यायच्या राखेतून रोडगे निंघून राह्यले, वांग्याच्या भाजीची तर्री लालबुंद, तुपाचा वास नदीपार चाललेला. साहेब पटकन पत्रावळीकडं वळले. म्हनलं, "थांबा साहेब. पयली पंगत बायायची." थांबले! नायब साहेब, मामा, चष्मेवाला, आमचे हे, चौघं झाडाखाली उभे, गिळून राह्यले, अन् आबेदाभाभी मुद्दाम हळू हळू खाऊन राह्यली. दुसऱ्या पंगतीत साहेबानं पाच रोडगे खाल्ले, मोजले मी. त्या माफीच्या कागदालेच त्यायनं हात पुसले अन् तो फेकला. मामाले भाजी तिखट लागली, नाकातून पानी, डोयातून पानी, तरी म्हनते, "बाई, माफीबिफी राहू द्या, भाजी वाढा. फागुनात तारीख काढू." जितली ना मी! सांगा, जितली का नाही?

चष्मेवाल्यालेबी मीच वाढलं. तो लाजून म्हनला, "चतुराबाई, चूक झाली. खुलासा छापतो." म्हनलं, "छापा भाऊ, बरोबर छापा."

शनिवारी पेपर आला. मी सोता पारावर जाऊन बसली, डोक्यावर पदर घेऊन, सगळ्यायच्या पुढं. गुरुजीनं वाचलं, "खुलासा. निंबखेडचे प्रतिष्ठित शेतकरी श्री..." अन् ह्यायचं नाव! पुरं! बापाच्या नावासकट, आडनावासकट! "...यांच्याकडे रोडग्यांचे जेवण थाटात पार पडले. सर्व व्यवस्था त्यांनी जातीने पाहिली." जातीनं! रोडगे भाजून राह्यले होते तवा हे जातीनं झाडाखाली घोरून राह्यले होते!

म्हनलं, "गुरुजी, अन् मी?" गुरुजीनं कागद उलटा केला, सुलटा केला, चष्म्याजवळ नेला. म्हनले, "वहिनी, शेवटी आहे ना... 'स्वयंपाक रुचकर होता.'"

हे घ्या! ह्यायनं ते कात्रन घडी घालून कोटाच्या खिशात ठेवलं, येनाऱ्याजानाऱ्याले काढून दाखवते. मी काय करू? मी बी एक कात्रन ठेवलं, आरशाजवळ भिंतीले कनकीनं चिटकवलं. पयलं. ज्यात सारं गाव उपाशी हाय ते. ललिता म्हनते, "आई, ते त खोटं हाय ना!" मले मालूम नाही का व खोटं हाय म्हून? पन माहं नाव त्याच्यातच आलं, आता काय करतं!