विमानाची भिंत

— येईल हो लाईट, मॅडम. आमच्या पाड्यावर जाते तशी येते पण, तुमी घोर लावून घेऊ नका. भिंत कापायला आलेली ती सालवडची माणसं बसू द्या टेम्पोत, कटर काय विजेबिगर चालायचा नाय. तुमी खाटेवर टेका — भिंतीजवळ नको, मी तेवढा खालचा कोपरा लिपून घेते. फक्त कोपरा. उंदरानं उकरलाय, कापताना सगळा कूड सुटंल, मंग म्युझियमला काय नेणार, काटक्या? शेण-गेरू सकाळीच कालवून ठेवलंय. — एवढी बादली कशाला? आता मॅडम, आमाला काय मापानं कालवता येतंय!

तुमाला कॅनडाचं ऐकायचं होतं ना, म्युझियमच्या पाटीवर लिवायला? ह्या बायडीला स्फूर्ती कुठं मिळाली म्हणून? सांगते की. पहिल्यांदा टोरांटो. तिथं विमानतळावरच माझी पिशवी उघडली — तांदूळ, गेरू आणि वाळकं शेण, फडक्यात बांधलेलं. साहेबानं उचललं, नाकाला लावलं. मला इंग्रजी येत नाय, पण त्याच्या तोंडावरनं कळलं त्याला काय कळलं ते! हसा, हसा. सगळं गेलं कचऱ्यात. मंग दुकानातला तपकिरी रंग आणून भिंती रंगवायच्या नि त्यावर आमची माणसं लिवायची — ह्या शाळेत, त्या शाळेत. मंग आगगाडी. उजाडलं तरी झाडं, मावळलं तरी झाडं, मधी गोठलेली तळी — आणि माणूस नाय! आमी भिंतीवर बोटभर जागा मोकळी सोडत नाय, काय नाय तर मुंगी लिवतो. तिथं रानच्या रान मोकळं. माझा हातच चालंना. काय लिवू? कोणासाठी लिवू?

विनिपेगला तर सगळं पांढरंच. आमचा रंग पांढरा, तांदूळ वाटून केलेला, आता पांढऱ्यावर पांढरं कसं दिसंल? तर शाळेतली पोरं मला गोठलेल्या नदीवर घेऊन गेली. मी तपकिरी रंग पाण्यात पातळ केला, किटलीत भरला, आणि किटलीच्या तोंडानं बर्फावर लिवायला लागले — तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती नाचणारी माणसं, केवढा मोठा फेर! पोरं त्या फेरात शिरून नाचली. तीच म्हणा तुमची स्फूर्ती. सकाळी जाऊन बघते तर नवा बर्फ पडलेला, काय म्हणजे काय नाय. मी रडले हो तिथं, पोरांसमोर. घरी फोन लावला. माझी आय म्हणते, "रडते काय? जागा मोकळी झाली ना? मंग लिव की!" आणि वर हसते. अशी बाई.

— काय? हां, आलं जरा वर. कोपरा तेवढाच लिपला तर भेग दिसते मॅडम, थोडं वर घ्यावंच लागतं. लाईट नाय आली अजून. बसा.

तर हा चौक, लग्नाला भिंतीवर लिवतात तो. तो लिवला आयेनं, माझ्या भावाच्या, नवशादादाच्या लग्नाला. मी तिकडंच होते. लग्न मोबाईलवर बघितलं, त्यात ही भिंत काय नीट दिसली नाय. आणि पुढं पुढं आयच दिसंना. फोन केला की आय पाण्याला गेलीय, आय झोपलीय, आय बाजूच्या पाड्यावर गेलीय. मी पण येडी, विश्वास ठेवला. तिनंच बजावलं होतं सगळ्यांना — बायडीची भिंत पुरी होऊ द्या, मधी बोलवू नका. मी तिथं शाळेच्या भिंतीवर कोंबड्या लिवत होते मॅडम. कोंबड्या! आणि इथं — जाऊ दे. ते पाटीवर लिवू नका.

— थांबा ना. हात नका धरू, शेणाचा हाय. भिंत द्यायला नवशादादा हो म्हणाला, कबूल. म्हणून तर आज बोईसरला जाऊन बसलाय, त्याला पण बघवत नाय. बा बघा कसा बाहेर पाठ करून बसलाय. परवा दीपाचं लग्न, माझ्या धाकट्या बहिणीचं. चौक लिवायचा तर भिंत नवी लिपावी लागते, जुन्यावर कोण लिवत नाय. आय गेल्यापासनं वर्षभर मीच कोणाला लिपू दिली नाय. आणि मी? ती चित्रं तुमाला दिली ना, ती सगळी तिकडची. इथं आल्यावर एक रेघ नाय ओढली. काडी धरली की वर नजर जाते, त्या विमानाकडं.

तेवढं ऱ्हायलंय आता, विमान. बघून घ्या. तुमाला तेच आवडलेलं ना सगळ्यात? आयेनं त्याला पाय दिलेत, बगळ्याचे — पायाबिगर उतरल्यावर उभं कसं ऱ्हाईल, असं वाटलं असंल तिला. आणि पोटात एक बाई, हातात काडी. खाली सगळं वऱ्हाड नाचतंय, आणि ही एकटी वर. तुमी काल म्हणालात, काचेत ठेवू, शंभर वर्षं जसंच्या तसं ऱ्हाईल. तुमी चांगल्या मनानं म्हणालात. पण मॅडम, शंभर वर्षं ती बाई तिथंच, वर. खाली उतरायचीच नाय.

ओरडू नका मॅडम. झालं. एक हात फिरवला की झालं.

— आली बघा लाईट. पंखा फिरला. बोलवा त्यांना, आणू द्या कटर, कुठं कापायचं ते कापा. ... अं? — टेकू नका तिथं, ओलं हाय. झुंबरवहिनी, तांदूळ भिजत घाल गं. आणि मॅडम, तुमी जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय.