बुटांची रांग

नाही, नाही, खुर्ची तिथंच राहू द्या, दाराबाहेर. आणि मास्क नाकावर — हां. राग मानू नका, विकासभाऊ. मी माणूसघाणा नाही. माझ्या पोटात धाकट्या बहिणीची किडनी आहे, सात वर्षं झाली, आणि ती टिकावी म्हणून ज्या गोळ्या घेतो त्या अंगातली लढायची ताकदच मोडून ठेवतात. दुसऱ्याला साधा ताप येतो, मला दवाखान्यात हलवावं लागतं. तर तुम्ही पांडेसऱ्याहून आलात. मुलगी सिकलसेलची, वय दहा, तिच्या वयाला लस अजून आलेलीच नाही, आणि शाळा म्हणते सोमवारपासून ऑनलाइन बंद, हजर राहा नाहीतर एल.सी. घेऊन जा — सगळं तेच. शाळेचं नाव तेवढं वेगळं. अर्ज मी लिहून देतो, मराठीत सांगा, गुजरातीत सांगा — पण तुम्ही अर्जासाठी आलेला नाहीत. फोटो पाहिलात ना मोबाइलवर? बुटांचा? सगळे तोच पाहून येतात.

कल्पना माझीच. म्हणजे माझी कसली — आपल्या लोकांचीच. बमरोलीत आम्ही राहायचो तेव्हा रॉकेलच्या रांगेत माणूस कुठं उभा असायचा? डबा उभा असायचा. माणूस मिलमध्ये पाळीवर, डबा रांगेत, आणि त्या डब्याचा नंबर कोणी मारायचं नाही. डबा म्हणजे माणूसच. आता इथं आम्ही एक्केचाळीस घरं, प्रत्येक घरात कोणीतरी असं — कोणाचा दमा, कोणाचं डायलिसिस, कोणाचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं. मागणी एवढीच, की अशा घरातल्या मुलांना घरून शिकू द्या. पण ती मागायला शाळेच्या गेटवर जमायचं कसं? ज्या गर्दीची भीती तीच गर्दी करायची? मग मला ते डबे आठवले. म्हटलं, आपण नको, बूट जाऊ देत. सकाळी सहा वाजता गेटसमोर खडूनं चौकोन आखले, सहा-सहा फुटांवर, मी इथून फोनवरून सांगत होतो, माझा मुलगा प्रमोद आखत होता. दोन-दोन मिनिटांनी एकेक घर यायचं, मुलाचे शाळेचे बूट चौकोनात ठेवायचे, खाली अर्जाची प्रत, आणि मागं न बघता घरी. घोषणा नाही, काही नाही. आठ वाजेपर्यंत — तुम्ही पाहिलंतच — सगळे काळे, पॉलिश केलेले, गेटकडे तोंड करून उभे. मी प्रमोदच्या मोबाइलवर पाहत होतो. रडलो. खोटं कशाला सांगू? चाळीस वर्षं कॉलेजात शिकवलं, रंगरसायनांवर पीएच.डी. केली, पण असं काही हातून पहिल्यांदाच झालं, असं वाटलं. वाटलं खरं.

मग? मग काय. नऊ वाजता शिपायानं गोण्या आणल्या. चार गोण्या. सगळे बूट भरले आणि ऑफिसात नेऊन ओतले, ढीग. अकराला पालकांना मेसेज — आपापले बूट आजच्या आज घेऊन जावे, आणि सोबत संमतीपत्रकावर सही करावी, की मूल आम्ही स्वतःच्या जबाबदारीवर पाठवतो. बुटाशिवाय वर्गात प्रवेश नाही, हा नियम आधीपासूनचा. तुम्ही म्हणाल, जाऊ दे ते बूट, दुसरे घालायचे. कुठले दुसरे? पोरांना जूनमध्ये एक जोडी मिळते, ती पुढच्या जूनपर्यंत. गेले सगळे आणायला. जाणारच. आणि बूट सगळे सारखे! काळे, शाळेनंच ठरवलेल्या दुकानातले. आत नाव लिहा, हे मी सांगितलं नव्हतं. चौकोन किती फुटांचे हे सांगितलं, किती मिनिटांनी यायचं ते सांगितलं, अर्जात अनुस्वार तपासले — नाव लिहा, एवढं सांगितलं नाही. त्यामुळे माणसं ढिगावर वाकली, डोक्याला डोकं लावून, उजवा सापडला तर डावा सापडत नाही. खिडक्या बंद, एसी चालू. दोन-अडीच तास. दोन वर्षं जी एकमेकांच्या दारात उभी राहिली नाहीत ती माणसं, विकासभाऊ. मी जमवली ती तिथं. दुसऱ्या कोणी नाही.

त्यात नूतनबाई होत्या. मागच्या गल्लीतल्या, निंबाची बायको. निंबा डाईंग मिलमध्ये, दिवसपाळीला, मालक सोडेना, म्हणून त्या गेल्या. केमो चालू होती, चौथी झालेली. डोक्याला रुमाल बांधून गेल्या, मुलीचे, नीलमचे बूट शोधायला. तीन नंबर. सापडले म्हणे, शेवटी सापडले. सहाव्या दिवशी ताप, आणि अकराव्या दिवशी —

हो. गेल्या.

आता तिथूनच लागण झाली असं कोण सांगेल? निंबाची मिल आहे, तिथं शेकडो माणसं. केमोसाठी दवाखान्यात जाणं-येणं आहे. एकामागून एक घडलं म्हणून एकामुळे दुसरं घडलं असं होत नाही, हे मी मुलांना चाळीस वर्षं शिकवलं. शास्त्र तसंच आहे. निंबाला मी तेच सांगितलं, फोनवर. म्हणजे सांगायला लागलो. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "सर, तुम्ही जेवनात का?" जेवलो का, एवढंच विचारलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

काय म्हणालात? मी? नाही, मी कसा जाणार ऑफिसात, तुम्हाला सांगितलं ना, गोळ्या — प्रमोद? प्रमोदही नाही गेला. घरात मी आहे, तो कशाला जाईल गर्दीत?

वृषालीचे बूट... नातीचे, हो. होते ना, ठेवले होते. पहिली जोडी आमचीच, फोटोत सगळ्यांत पुढे आहे ती. लोकांना धीर यावा म्हणून. ते — ते तिथंच असतील अजून. ऑफिसात. आणले नाहीत.

जुने होते. तिचा पाय वाढला, दिवाळीनंतर नवे घेतले होते. आता जे ठेवायचेत ते उन्हात पडणार, चोरीला जातील, शाळा जप्तही करेल — असं आलं मनात. आलं, आणि मी मोरीजवळचे जुने काढले, स्वतः पॉलिश केलं. त्यात गैर काय? बूट ते बूटच. फोटोत कोणाला कळतं? पण आदल्या संध्याकाळी निंबा आला होता, जिथं तुम्ही बसलात तिथंच बसला होता. म्हणाला, "सर, पोरगीना बूट एकच जोडी शे. ठेवू का नको?" आणि मी म्हणालो —

मी म्हणालो, आमचीही एकच आहे. सगळ्यांची एकच असते, निंबा, म्हणून तर तिला किंमत.

असं म्हणालो मी. का म्हणालो? मी स्वतःला विचारतोय, महिना झाला. जप्त होतील हे मला दिसलं होतं, म्हणजे पुढचंही दिसायला हवं होतं, नाही का? की दिसलंच होतं? नाही. एवढं नाही दिसलं. माझी एवढी — कोणाला सांगितलं नाही हे. प्रमोदला वाटतं मी चुकून जुने दिले. तुमचा चेहरा मास्कमध्ये आहे, मला काही कळत नाही तुम्ही काय —

उठलात? अहो, अर्ज! लिहून झालाय जवळजवळ, मुलीचं नाव तेवढं घालायचं राहिलं, काय नाव म्हणालात? तुमच्यासाठी दुसरं काही सुचवतो, पोस्टानं, रजिस्टर्ड, कोणी कुठं जायलाच नको — आणि खाली सही मी करतो, पहिली सही माझी, पूर्ण नाव, पत्त्यासकट —

बरं. नका घेऊ.

नाही, बरोबर आहे तुमचं. जा. दार ओढून घ्या.