सप्टेंबरची धार

नेस्टर : …आणि मग तुमच्या हॉकी संघाचा तो नवा प्रशिक्षक नेमकं काय म्हणाला? शब्दाला शब्द सांग.

डारिया : म्हणाला, तू डिसेंबरमध्ये धडाधड गोल मारतेस ते मला माहीत आहे, पण मी नाताळपर्यंत कुणासाठी थांबत नाही. पहिले सहा सामने. त्यात काही दिसलं नाही तर बाकावर. आणि एकतीस वर्षांच्या बाईला बाकावर बसवतात म्हणजे घरीच पाठवतात, बाबा.

नेस्टर : स्वच्छ बोलणारा दिसतोय. आवडला मला. तो दुसरा स्केटिंगचा बूट दे इकडे, आणि धारेच्या चाकापासून जरा लांब उभी राहा. स्वेटर चांगला आहे, ठिणगी उडेल.

डारिया : तुला हसू येतंय.

नेस्टर : तुझ्या जुन्या प्रशिक्षकाला मी एकदा विचारलं होतं, काही खेळाडू हंगामाच्या सुरुवातीला असे पेंगतात का. अर्धा तास बोलला. उन्हाळ्यात चढलेलं वजन, न रुळलेले बूट, बदललेले जोडीदार, नशीब. गोल झाले नाहीत तर नशीब. झाले तर त्याची शिकवण.

डारिया : मग तू काय म्हणालास?

नेस्टर : म्हटलं, आमच्या घरात दुसरी कॉफी पोटात गेल्याशिवाय कुणी तोंड उघडत नाही. हिची दुसरी कॉफी डिसेंबरात येते.

डारिया : तो हसला?

नेस्टर : नाही. वहीत लिहून घेतलं त्यानं. एक विचारू? तिकडे रेजाइना शहरात तुमचा तो ड्वेन आहे, संघाचे बूट आणि काठ्या सांभाळणारा. त्याचं धारेचं यंत्र माझ्या यंत्रापेक्षा चांगलं आहे. तरी दर सप्टेंबरला तू तीनशे किलोमीटर गाडी हाकत पहिली धार लावायला इथे येतेस.

डारिया : पहिली धार तुझी. पाच वर्षांची होते तेव्हापासून तसंच आहे.

नेस्टर : ते झालं. पण धारेबद्दल काही सांगायचं असेल तर सांग. पात्याच्या पोटातली ही खोबण उथळ हवी, खोल हवी, काही. मला वाईटबिईट वाटत नाही.

डारिया : नाही. आहे तशी छान आहे.

नेस्टर : नक्की?

डारिया : नक्की, बाबा.

नेस्टर : बरं. घे, नखावर घासून बघ. आणि तुझ्या गाडीत मागच्या सीटवर बटाटा भरलेले पेरोगी ठेवलेत, गोठलेले आहेत, उकडायचे आहेत. वाटेत थांबून कच्चे खाऊ नकोस. तू ते करतेस, मला माहीत आहे.

डारिया : एकदाच केलं होतं. दहा वर्षांची असताना.

नेस्टर : आजारी पडलीस तेव्हा गाडी मी धुतली होती. जा आता. उजेड आहे तोवर पोच.

(पाच दिवसांनी, शनिवारी सकाळी. गावातल्या युक्रेनी चर्चमध्ये, लोक यायच्या आधी. नेस्टरची शवपेटी उघडी आहे. पुढच्या बाकावर डारिया, आणि तिच्या शेजारी गावच्या रिंकवरचा, म्हणजे हॉकीच्या बंदिस्त मैदानातला, बर्फ सांभाळणारा एल्मर, नेस्टरचा चाळीस वर्षांपासूनचा सोबती.)

डारिया : हात पाहिलेत, एल्मरकाका? नखांत लोखंडाचं काळं नाही. दुसऱ्याच कुणाचे वाटतात.

एल्मर : घासले असतील त्या अंत्यविधीवाल्या लोकांनी. मी सांगणार होतो, राहू द्या म्हणून. मग म्हटलं, माझं कोण ऐकतंय.

डारिया : पुन्हा सांगा मला. फोनवर सांगितलंत त्यातलं काही डोक्यात राहिलं नाही.

एल्मर : काय सांगू? बुधवारी सातला मी आलो, तर याची गाडी रिंकच्या दाराशी. इंजिन चालू, रेडिओवर हवामान. मी काच ठोकली. म्हटलं, चल आत, पाऊस पडेल की नाही ते मीच सांगतो. चेहरा असा, की आता वळून मला शिवी देईल. मी दोनदा ठोकलं, पोरी. दुसऱ्यांदा ठोकताना मला कळलेलं होतं, तरी ठोकलं.

डारिया : आमचा सराव आठला सुरू झाला. फोन कपाटात होता. दोन तास मी बर्फावर होते. तो नव्हता, आणि मी पाणी पीत होते, कुणाच्या तरी विनोदाला हसले. विनोद आठवतो मला. आणि पाय ओढत होते, दर वर्षीसारखे. तेव्हा मी मनात म्हटलं…

एल्मर : काय म्हटलंस?

डारिया : जाऊ दे.

एल्मर : लोक यायला अवकाश आहे. बोल.

डारिया : म्हटलं, झालं. बाबाची खोबण. त्या क्षणी तो गाडीत तसा बसलेला होता, आणि मी हे म्हणत होते.

एल्मर : खोबण?

डारिया : सहा वर्षांपूर्वी ड्वेननं माझी पाती मोजली. म्हणाला, इतकी खोल खोबण कोण काढतं? उणे तीस अंशांतला उघड्यावरचा बर्फ दगडासारखा असतो, त्याला ती ठीक. सप्टेंबरात बंद रिंकचा बर्फ मऊ असतो. त्यात असं पातं रुततं, चिखलात चाक रुतावं तसं. म्हणून तुझी सुरुवात संथ होते, म्हणाला. बाबानं मी पाच वर्षांची असताना मागच्या अंगणातल्या बर्फासाठी जी खोबण ठरवली, तीच तो काढत राहिला. मी ड्वेनला बजावलं, तू त्याच्या मापाला हात लावायचा नाही, आणि बाबाला कळता कामा नये.

एल्मर : का पण?

डारिया : गावभर लोक त्याच्या हाताची तारीफ करायचे. ती मी कशी मोडू? राष्ट्रीय संघाची निवड ऑक्टोबरात व्हायची. दोनदा हुकली. दोन्ही वेळा घरी येऊन मी त्याला मिठी मारली. मला वाटायचं, मी फार मोठ्या मनाची आहे.

एल्मर : हं.

डारिया : असं बघू नका.

एल्मर : त्यानं मला शपथ घातली होती. पण तो असा पडलाय, आणि मला त्याच्यासारखं गप्प बसायला कधी जमलं नाही. त्याला माहीत होतं, डारिया.

डारिया : काय माहीत होतं?

एल्मर : सगळं. तीन वर्षांपूर्वी हा तुझा सामना बघायला गेला होता, तेव्हा ड्वेनच्या तोंडून निघून गेलं. परत आला तो थेट रिंकमधल्या त्याच्या धारेच्या खोलीत. दार लावून बसला. मी सूप नेलं, ते तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, एल्मर, मी पोरीच्या पायांत दगड बांधत होतो, आणि ती मला थँक्यू म्हणत होती.

डारिया : तीन वर्षं.

एल्मर : पुढचं ऐक. त्यानं खोबण बदलली.

डारिया : नाही.

एल्मर : मी दिवा धरून उभा होतो.

डारिया : मला कळलं असतं, काका. माझ्या पायाखालची पाती आहेत.

एल्मर : तुला कळू नये म्हणून केसाकेसानं. सप्टेंबरात एक केस, नाताळात तू आलीस की आणखी एक. मागच्या हंगामाला ती बरोबर ड्वेनच्या मापावर येऊन बसली. ड्वेनला सांगून ठेवलं, मधल्या धारा याच मापानं लाव, आणि या वेळी तोंड मिटून ठेव.

डारिया : मागच्या हंगामात पहिल्या अकरा सामन्यांत माझा एकही गोल नाही.

एल्मर : माहीत आहे. आम्ही दोघं रेडिओला कान लावून बसायचो.

डारिया : आणि खोबण उथळ होती.

एल्मर : उथळ होती.

डारिया : म्हणजे ते लोखंडात नव्हतंच.

एल्मर : तोही हेच म्हणाला. म्हणाला, पहिलीत असताना ही महिनाभर शाळेच्या भिंतीला पाठ लावून उभी असायची. पियानोच्या बाईंकडे सहा आठवडे नुसती स्टुलावर बसून परत यायची. मग एक दिवस असं वाजवायची, की बाई मला फोन करायच्या. हे कुठल्या चाकावर घासू मी, म्हणाला.

डारिया : मग मला सांगितलं का नाही? मी त्याला दोष देतेय हे त्याला कळत होतं. मिठी मारताना कळत होतं.

एल्मर : मी भांडलो त्याच्याशी. आठवडाभर बोललो नाही. तर म्हणाला, तिला ओझं ठेवायला एक जागा मिळाली आहे. ती काढून घेतली तर ती ते स्वतःच्या अंगावर घेईल, तेही हंगामाच्या तोंडावर. राहू दे माझ्याकडे, माझे खांदे रिकामेच आहेत.

डारिया : सोमवारी त्यानं मला विचारलं होतं. धारेबद्दल काही सांगायचंय का म्हणून. दोनदा विचारलं.

एल्मर : सांगितलं त्यानं. तू गेल्यावर आला माझ्याकडे, कॉफी घेतली. म्हणाला, तो नवा माणूस थांबणार नाही, आता गप्प राहून तिचं नुकसान होईल. ती आज बोलली असती तर मीही सगळं सांगून टाकलं असतं. ती बोलली नाही. आता मीच बोलतो, सराव सुरू होऊ दे, फोन करतो.

डारिया : कधी?

एल्मर : शनिवारी, म्हणाला.

डारिया : आज शनिवार आहे.

एल्मर : हो गं.

डारिया : काका, मला जरा…

एल्मर : बस तू. खाली बायकांचा स्वयंपाक आटपतोय, दहा मिनिटांत सगळे वर येतील. मी दार धरून उभा राहतो. फादरलासुद्धा सोडत नाही.

डारिया : दार ओढून घ्या.

एल्मर : घेतलं.

डारिया : बाबा. सहा वर्षं मी तुला मनातल्या मनात माफ करत होते, आणि त्यालाच प्रेम म्हणत होते. तुझी काही चूक नव्हती. चूक असतानाही नव्हती. मला भीती वाटते. दर सप्टेंबरला पहिल्यांदा बर्फावर उतरले की वाटतं, आज या सगळ्यांना कळणार की मला खेळता येत नाही. डिसेंबरपर्यंत ती जात नाही. हे मी ड्वेनला सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही. तू विचारलंस तेव्हा हेच सांगायचं होतं, बाबा. मला फार भीती वाटते. आत्ताही वाटतेय.