पडद्यावरची यादी

वेबसाइटने धंदा वाढतो म्हणता ना, मग माझं ऐका. सावद्याला माझा केळीचा व्यापार. कोणाची बाग कोणत्या दिवशी कापायची, तिच्यात केळीची खोडं किती, त्याची यादी मी कॉम्प्युटरवर ठेवायचो. इंटरनेट जळगावात नुकतंच आलं होतं. तिथल्या एका कॉम्प्युटरवाल्याला म्हटलं, ''ही यादी पडद्यावर दिसते तशीच आपल्या वेबसाइटच्या पानावर टाक. लोकांना कळू दे, आपलं काम कसं चालतं.''

त्याने पडद्याचं चित्र घेतलं, कडा कापल्या, तेव्हाच्या फोनच्या तारेवरून पान लवकर उघडावं म्हणून रंगही कमी केले. मग विचारलं, ''शेठ, यादीत खोटी नावं टाकू का?''

''आपल्याकडे खोटं चालत नाही. ती अक्षरं फुटलीत, ती आधी साफ कर.''

त्याने केली.

महिन्याभराने माणसं घेऊन नानांच्या बागेत गेलो. वीस वर्षं त्यांचा माल मीच उचलत होतो. झाडावर एक घड नव्हता.

''नाना, माल कोणाला दिला?''

''तुम्ही धाडलेल्या माणसाले.''

''मी कोणाला धाडलं?''

''भाऊ, त्याले कापणीचा दिवस माहीत, खोडं किती तेही माहीत. मी हे तुमच्याशिवाय कोणाले सांगितलं होतं?''

माझ्या समोरच्याच व्यापाऱ्याने ते पान उघडून सगळी यादी उतरवून घेतली होती. नानांना मी सगळं खरं सांगितलं.

नाना आजही चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. बाग कधी कापायची, ते मात्र सांगत नाहीत.