भुवईतली खाच

न्हाई म्हटलं ना— भुवईत खाच मारत न्हाई मी. गफूरभाई गफूरभाई करू नको, मान सरळ ठेव. मुखेडहून बापानं तुला डॉक्टर व्हायला लातूरला धाडलं, क्लास लावला, अन् तू इथं बसून खाच मागून राहिला! हॉस्टेलातल्या ग्रुपची खूण हाय म्हणं. हाव, म्हाईत हाय मला— एकाला हात लावला की धाजण धावून येतात. हेच ना? अरे, तुझ्या जन्माच्या आधी मीच मारायचो त्या खाचा.

त्र्याण्णवला भूकंप झाला तवा मी पंधराचा. गाव सगळं बसलं. अब्बा ढिगाऱ्यात गेले, त्यांची पेटी तेवढी निघाली— हा वस्तरा त्यातलाच. मग पत्र्याचं शेड, आजारी अम्मी, अन् आम्ही सहा पोरं. कुणाचा बाप न्हाई, कुणाची माय न्हाई. एक भाकर सहाजणांत. खरं सांगू? भूकंपानंतर मला पयली झोप लागली ती त्या पोरांत. टोळी म्हण, काय बी म्हण— लई गोड वाटायचं. हजामाचं पोर म्हणून खाचा मी मारल्या, पाचांच्या भुवयांत. माझ्या न्हाई. आपली भुवई आपल्याला कापता येती का? अन् अब्बाचा वस्तरा मी दुसऱ्याच्या हाती देत नव्हतो.

पुढं जत्रंत मारामारी झाली. एक पोरगं गेलं जिवानिशी. पोलिसांनी काय केलं— भुवया बघून उचललं. पाचीच्या पाची! त्यात विरूपाक्ष. तुमच्या क्लासच्या गेटवर ओळखपत्र बघतो न्हाई का, तोच. गणितात असला हुशार— अन् तो तर जत्रंला आलाच नव्हता. अम्मीला ताप होता, तिच्या उशाशी बसला होता. मीच बसवलं होतं, गोळ्या घेऊन येतो म्हणून. अन् मी? मी... जत्रंत.

हलू नको, लागंल. फौजदार शेडात आला मला विचारायला— हे पोरगं तुझ्या घरी होतं म्हणतंय, खरं का? अम्मीला तर शुद्ध न्हाई. हाव म्हणावं, तर पुढचा सवाल ठरलेला— मग तू कुठं होतास? मी म्हटलं, म्हाईत न्हाई साहेब. बस, एवढंच. दोन वर्षं रिमांड होमात गेलं पोरगं. दहावी हुकली ती हुकलीच. त्याला आजवर वाटतं, फौजदार मला विचारायला आलाच न्हाई. दर आठवड्याला दाढीला येतो, माझ्या वस्तऱ्यापुढं गळा देऊन निवांत डोळे मिटतो. त्या खाचंत केस पुन्हा आलेच न्हाईत— खोल मारली होती मी. दाढी करताना तिकडं बघवत न्हाई मला.

झालं, ऊठ. फडकं काढ. पैसे नको, जा तू— अभ्यास कर जा. जा म्हटलं ना! आरशात काय बघून राहिला? कोण हाय मागं—

विरू... तू कवापासून उभा हायस?