बाबांच्या हाताची गाडी

नीलिमा : नाही बाबा, पहले ये बताइए, मेकॅनिक दयाराम भैयाला तुम्ही नेमकं काय सांगितलं?

हरिदास : काय सांगतलं? गाडी घरी नाही म्हणून सांगतलं.

नीलिमा : घरी नाही?

हरिदास : बिलासपूरले गेली म्हटलं.

नीलिमा : और आप कहाँ खड़े थे?

हरिदास : इथंच. फाटकापाशी.

नीलिमा : फाटकापाशी नाही, गाडीपाशी. हातात फडका घेऊन. भैया फोनवर हसून हसून बेजार झाले. म्हणे, दीदी, बाबूजी गाड़ी ल पोंछत-पोंछत कहिन, गाड़ी बिलासपुर गे हे.

हरिदास : मोठा चालू पोट्टा आहे. मी पण म्हटलं, हा एवढी मान काहून हलवून राहिला! हव बाबूजी, हव बाबूजी, करत गेला.

नीलिमा : गेले नाहीत. चौक पे चाय पी रहे हैं. मीच थांबवलं. गाडी चालू करायचं नवीन लॉक घेऊन आलेत ते, बाबा. समता कॉलनीतून मी सकाळी सकाळी स्कूटी काढून आले ती यासाठीच.

हरिदास : पेऊ दे चहा. चहा झाला का जाईल आपल्या घरी. लॉकले काय धाड भरली? चांगलं आहे.

नीलिमा : चांगलं आहे? चाबी घुमत नाही, बाबा!

हरिदास : तुमच्या हातानं नाही घुमत. माझ्या हातानं घुमते. अगं, चाबी पूर्ण आत टाकाची, मंग तांदळाच्या दाण्याएवढी बाहेर ओढाची. डाव्या हातानं स्टेअरिंग दाबून धराचं अन् उजव्या हातानं अशी हलकेच... जबरदस्ती केली का रुसते. या गाडीचा चोर अजून जन्माले याचा आहे.

नीलिमा : चोरको छोड़िए, चालवणारी जन्माला येऊन अठ्ठावन्न वर्षं झाली, तिलाही जमत नाही. आई एवढ्या वयात गाडी शिकली. लायसन काढलं. रिंग रोडवर ट्रकांच्या मधातून गाडी काढते ती. पण चालू कोण करणार? तुम्ही.

हरिदास : करतो ना. मी कधी नाही म्हटलं? ती बसते ड्रायव्हर सीटवर, मी बाजूले. मी हात लांबवतो, घुमवतो, गाडी चालू. भांडण नाही, काही नाही.

नीलिमा : अन् मागच्या हप्त्यात? बीरगावला भाजीच्या ठेल्यासमोर गाडी बंद पडली तिची. तुम्ही त्या दिवशी घरी होते, गुडघा दुखत होता म्हणून. मग काय केलं?

हरिदास : मंग गेलो.

नीलिमा : कशाने?

हरिदास : ऑटोनं.

नीलिमा : गाडी चालू करायला ऑटो करून जाणारा माणूस पूरे रायपुर में एक ही मिलेगा.

हरिदास : ऑटोवाल्यानं टाळ्या वाजवल्या, माहीत आहे? तीन पोट्टे घाम गाळून राहिले होते त्या चाबीसंगं. मी उतरलो, बसलो, घुमवली. एका झटक्यात! अख्खी नोकरी रेल्वेच्या वॅगन शॉपमधी गेली माझी, नीलू. लोखंडाचा स्वभाव समजते मले.

नीलिमा : अन् त्याच वॅगन शॉपचा तो पितळेचा बिल्ला? भैया म्हणतात, उसी के वज़न ने लॉक को खाया है. रिटायरमेंटचा बिल्ला, कपाटाची चाबी, ट्रंकेची चाबी, जुन्या क्वार्टरची चाबी. सगळं जुडगं तिथं लटकून झोके घेते. जुन्या क्वार्टरची चाबी कशाला ठेवली बाबा? तिथं दुसरे लोक राहतात!

हरिदास : राहू दे. तू जन्मली त्या घरात.

नीलिमा : बाबा, इमोशनल नका करू. डॉक्टरने तुम्हाला गाडी बंद सांगितली आहे.

हरिदास : डॉक्टरनं स्टेअरिंग सोडाले सांगतलं. चाबी सोडाले नाही सांगतलं.

शांता : काय चालू आहे फाटकात? मागच्या मोहल्ल्यापर्यंत आवाज जाऊन राहिला बापलेकीचा. दयाराम आला?

नीलिमा : आला होता, आई. गाडी बिलासपूरला गेली हे ऐकून वापस गेला.

शांता : असं. मंग दुपारी मी बीरगावले शिवणक्लासले कशी जाऊ? बिलासपूरवरून गाडी येईपर्यंत वाट पाहू?

हरिदास : मी आहे ना. चालू करून देतो. संगं येतो.

शांता : आज मापं आहेत. आज नका येऊ.

हरिदास : पाय, नीलू! ऐकलं? आलं ना बाहेर? हे लॉकचं प्रकरण नाही आहे. तुझ्या आईले मी शिवणक्लासात नको आहे.

शांता : बुद्धविहाराच्या हॉलमधी पंधरा बाया असतात. माणूस समोर मांडी घालून बसला तं पोलक्याचं माप कशी देईल एखादी?

हरिदास : मी पेपर वाचतो. तोंडासमोर धरून.

शांता : वाचता. अन् वाचता वाचता मधातच म्हणता, बाही जरा लांब ठेवा. कोणी विचारलं होतं?

नीलिमा : बाबा! सच में?

हरिदास : आखूडच होती ती बाही. तेव्हापासून मले बाहेर बसवते, चपलांपाशी.

शांता : तिथं पंखा आहे. बाया चहा आणून देतात. जावयासारखा पाहुणचार आहे अन् तोंड पाहा. नीलू, बोलाव त्या दयारामले.

(दयाराम येतो, गाडीत वाकून खटपट करू लागतो. नीलिमा खिडकीपाशी उभी. हरिदास आणि शांता फाटकाच्या सावलीत.)

नीलिमा : बाबा, एक प्रॉब्लेम आहे.

हरिदास : सांगतलं होतं मी.

नीलिमा : सुनिए तो. जुनं लॉक काढायला पहिले चाबी एकदा घुमवावी लागते. घुमली की आतली पिन दबते, तेव्हाच लॉक बाहेर येतं. भैयाकडून घुमतच नाही.

हरिदास : घुमव म्हणा ना. चांगलं जिमचं अंग आहे त्याचं.

नीलिमा : बाबा, आप घुमा दीजिए. एक बार.

हरिदास : आज माझं मनगट दुखून राहिलं.

शांता : कोणतं?

हरिदास : उजवं.

शांता : सकाळपासून त्याच हातानं गाडी पुसून राहिले तुमी.

हरिदास : म्हणूनच दुखून राहिलं.

नीलिमा : भैया कहते हैं, नाही घुमली तर ड्रिल लावून फोडावं लागेल. आजूबाजूचं कव्हर तडकू शकते.

हरिदास : ए, फोडाचं नाही! सांग त्याले, मशीनले हात नको लावू. गाडी आहे ती, चोरीची तिजोरी नाही.

शांता : मंग घुमवून द्या.

हरिदास : नाही घुमवत.

शांता : काहून?

हरिदास : काहून म्हणजे काय? तुले माहीत नाही? नवीन लॉक बसलं का तू चाबी उचलशील अन् चालली जाशील. बीरगावले जाशील, गोल बाजारात जाशील, बहिणीकडे जाशील. जा. चांगलंच आहे. पण मी काय करू मंग? फाटक उघडू अन् फाटक लावू? गाडी माझी, चालवाची नाही. नोकरी होती, ती संपली. एक चाबी घुमवाचं काम राहिलं होतं माझ्याकडे, तेही तुमाले नको आहे.

नीलिमा : बाबा, ऐसा मत बोलो ना...

शांता : थांब नीलू. बोलू दे. झालं बोलून?

हरिदास : झालं.

शांता : आता मी बोलू? तुमी लोकांले एक किस्सा सांगता. दिवाळीच्या सफाईच्या दिवसाचा.

हरिदास : कोणता? छातीत दुखलं तो? मंग, सांगतो. आहेच तसा. नीलू, पूर्ण शहरात असा पेशंट झाला नसंन, खुद गाडी चालू करून देली अन् मंग ॲडमिट झाला. डॉक्टर पण हसला होता.

नीलिमा : हाँ, ये तो सौ बार सुना है.

शांता : सगळे हसतात. मी हसली काय कधी?

हरिदास : तुले विनोद समजत नाही पहिल्यापासून.

शांता : भर दुपार होती. तुमाले मागच्या सीटवर टाकलं मी. नवं लायसन माझं. चाबी घातली, घुमेना. तुमी शिकवलं तसं सारं केलं. आत टाकली, बाहेर ओढली, स्टेअरिंग दाबलं. तुमी मागून म्हणून राहिले होते, दाण्याएवढी शांते, दाण्याएवढी. अन् मंग तुमचा आवाज बंद झाला.

नीलिमा : आई, हे तू कधी सांगितलं नाही...

शांता : मी देव मानत नाही, कोणाले हाक मारू? चाबीलेच हात जोडले. तेवढ्यात हे दोन सीटच्या मधातून घुसले समोर. चेहरा पांढरा फटक. हात असा थंडगार, अन् घामानं चाबी बोटातून सटकून राहिली होती. घुमवली. गाडी चालू झाली. अन् मले काय म्हटलं, माहीत आहे?

नीलिमा : काय?

शांता : म्हणाले, पाहिलं?

हरिदास : शांते...

शांता : ते 'पाहिलं' अजून माझ्या कानात आहे. दवाखान्यापर्यंत मी गाडी चालवली ती त्याच आवाजावर. हा माणूस मरून राहिला आहे अन् मले चाबी कशी घुमवाची ते शिकवून राहिला आहे. हसू म्हणता?

हरिदास : तू बोलली नाही कधी.

शांता : तुमी सांगून सांगून इतके खूश होत होते. कशी बोलू? पण पुढच्या बारीले तुमचा हात नाही उठला तं? मी काय करू सांगा. ऑटो करून कोणाले बोलावू? तुमच्यासारखा हात पूर्ण छत्तीसगडमधी दुसरा नाही, तुमीच म्हणता.

हरिदास : (हातातल्या फडक्याची घडी घालतो.)

शांता : बीरगावले एकटी जायसाठी नाही बदलून राहिली मी लॉक. तुमाले घेऊन जायसाठी बदलून राहिली.

हरिदास : नीलू.

नीलिमा : हाँ बाबा?

हरिदास : त्याले म्हणा, सरक.

नीलिमा : भैया, जरा हटिए. बाबा आ रहे हैं.

हरिदास : इकडं ये, शांते. तूही ये. पाहून घे, आता काही उपयोग नाही, पण पाहून घे. ही आत टाकली. ही एवढीशी ओढली. आता स्टेअरिंग. हे असं, झोपलेल्या लेकराचं डोकं उचलतो ना, तितकंच. अन् आता...

नीलिमा : घूम गई! बाबा, घुमली!

हरिदास : घुमलीच असती. लय वर्षांची ओळख आहे. दयाराम, दबा तेरा पिन. जल्दी कर, नहीं तो मेरा मन बदल जाएगा.

नीलिमा : निकला! बस, एवढंसं? आई पाहा, अंगठ्याएवढं आहे. इतने से लॉकने पूरे घर को नचाया.

हरिदास : दे इकडं. फेकाचं नाही. ट्रंकेत ठेवतो.

शांता : ठेवा. क्वार्टरच्या चाबीसंगं ठेवा.

नीलिमा : आई, नवीन बसलं बघ. अब तू घुमा. असंच, जोर नको लावू.

शांता : अगंबाई. लागलीच?

नीलिमा : लागलीच! लोणी है एकदम. बाबा, आवाज ऐका.

हरिदास : ऐकून राहिलो. चांगला आहे. थोडा कोरा आहे, पण चांगला आहे.

नीलिमा : आता एक सांगा. भैयाकडे दरवाज्यांचे लॉक पण आहेत, पूरा सेट. ते पण बदलले तर एकच चाबी राहील. नहीं तो दो हो जाएँगी. दरवाज्याला जुनी, चालू करायला नवी.

हरिदास : बदलून टाक म्हणा सारेच. आता अर्धं काय ठेवाचं? दोन दोन चाब्यांची कटकट.

शांता : नाही. दरवाजे राहू द्या.

हरिदास : काहून?

शांता : चांगले आहेत दरवाजे. नवी चाबी माझ्यापाशी राहील, एका दोऱ्यात. तिले बिल्ला नाही बांधाचा, आधीच सांगून ठेवते. जुनी तुमच्यापाशी, तुमच्या त्या जुडग्यात. तुमी दरवाजा उघडाल, मी गाडी चालू करीन.

नीलिमा : अरे पर आई, ये तो वही बात हो गई! तू अभी इतना सब बोली. उद्या बाबांना काही झालं तर तू परत अडकशीलच ना?

शांता : चाबी यांच्या खिशातून काढता येते मले, नीलू. यांचा हात नाही काढता येत.

नीलिमा : हाँ. ये बात तो है.

हरिदास : शांते, तू हे आताच ठरवलं का पहिलेच ठरवून ठेवलं होतं?

शांता : दयारामले चहा विचारा. सकाळी बिनचहाचाच लावून देला तुमी त्याले.

हरिदास : विचारतो. पण मी म्हणून राहिलो होतो, आज मापं आहेत ना? मी घरीच थांबतो. तू जा. खरंच जा. मले राग नाही.

शांता : अन् गाडीत बसू कशी? खिडकीतून?

हरिदास : म्हणजे येऊ?

शांता : बाहेर बसाचं, पंख्याखाली. बाहीबद्दल एक शब्द नाही.

हरिदास : नाही बोलत.

शांता : चपला घाला. अन् दरवाजा उघडा आता, उन्हात उभी आहे मी.